गाणी लिहिणारा भाऊ मालिकेत गेला तर त्याच्या गाण्याचं काय?

जाईची_वेल (फोंडा)
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. २४ वर्षांचा आहे, स्वतः लिहितो, चाली लावतो, गिटार घेऊन गातो, मराठीत नि कोकणीत पण. चतुर्थीच्या घुमट आरतीत वाढलेला पोरगा. रवींद्र भवनात एका कार्यक्रमात त्याला कोणीतरी बघितलं आणि आता मुंबईच्या एका डेली सोपमधे रोल आलाय, हिरोच्या मित्राचा, वर म्हणतात तुझं एखादं गाणं पण घेऊ. आई खूश, बाबा गप्प. अभिनय त्याला आवडतो, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत दोनदा काम केलंय. पण मला धास्ती वाटते की दोन वर्षांनी लोक त्याला त्या पात्राच्या नावाने हाक मारतील आणि लिहिणं सुटलेलं असेल. कोणाला अनुभव असला तर सांगा ना, पुढच्या आठवड्यात कळवायचंय.

रात्रपाळी
ताई, मी ठाण्याला घोडबंदर रोडच्या सेटवर सव्वादोन वर्षं काढलीत म्हणून सांगतो. शिफ्ट १२ तासांची, प्रवास वेगळा, आणि पैसे 'पर डे' असतात पण हातात येतात ते साधारण ९० दिवसांनी, म्हणजे पहिले तीन महिने भाडं, डबा सगळं घरून न्यायचं. महिन्याला किती दिवस नक्की मिळणार ते लिहून घ्या, नाहीतर ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, बदलला की मित्र 'गावाला जातो' आणि पोरगा महिनाभर फोनची वाट बघत बसतो. कंटिन्युइटीमुळे, म्हणजे प्रत्येक सीनमधे तसंच दिसावं लागतं म्हणून, केस दाढी काही आपलं राहत नाही. गळ्याचं तर विचारूच नका, एसी, स्मोक, रात्रीचे सीन, रियाजाला सकाळ उरतच नाही. पण एक खरं, कॅमेऱ्यासमोर रोज उभं राहिल्यावर स्टेजवरची भीड गेली माझी, आणि चेहरा ओळखीचा झाल्यावर कार्यक्रमाला लोक आपणहून आले. जाऊ दे त्याला, पण वर्षभराचंच बोला.

मांडवीकाठ
मला रोलपेक्षा त्या 'एखादं गाणं घेऊ'ची काळजी वाटते. माझी एक चाल मी अशीच दिली होती, कागदावर 'सर्व हक्क कायमचे' लिहिलेलं, वाचलंच नाही, आज तेच गाणं मला कुठे गायचं तर परवानगी मागावी लागते. हे फार लागतं हो मनाला. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करून सुद्धा काढून घेता येत नाही. करारात मुदत लिहिलीच नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणून तर ते लोक 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द न विसरता घालतात. त्याला आधी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचा, मेंबर करा, गाणी नोंदवा, मग मुंबईला पाठवा. आणि जुनी गाणी देऊच नका, मालिकेसाठी नवीन लिहू दे. आपला गायक रेमो फर्नांडिस आठवा, १९८४ ला शिवोलीत घरीच रेकॉर्डिंग केलं आणि कॅसेट स्वतः दुकानांत नेऊन दिल्या.

थोरला_सूर (मंगेशी)
बाय, आमच्या गावात गाणारा आणि नट हे वेगळे धंदे कधी नव्हतेच. मास्टर दीनानाथ इथलेच, १९१८ ला बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभी केली ती दोन्हीच्या जोरावर. पुढे संगीत नाटकातले रामदास कामत, प्रसाद सावकार, तेही गोव्याचेच. फरक मात्र आहे तो सांगतो, या सगळ्यांचं गाणं भूमिकेच्या आतच होतं, पद म्हटल्याशिवाय प्रवेश पुढे सरकायचा नाही, म्हणून अभिनय करताना गळाही तयार होत गेला. मालिकेत तुझा भाऊ बोलणार, गाणार नाही. तेव्हा गाण्याला वेळ त्यालाच वेगळा काढावा लागेल, कोणी देणार नाही. नट-गीतकार पीयूष मिश्रा बघ, १९८६ ला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून (एनएसडी) बाहेर पडले, कितीतरी वर्षं दिल्लीत नाटक, दूरदर्शनवर कामं, आणि 'गुलाल' सिनेमाची गाणी आली २००९ ला. तोवर लिहिणं थांबवलं नाही. स्वानंद किरकिरे तर उलटे, गीतलेखनाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार आधी, अभिनयाचा नंतर. वही बॅगेत असली की झालं, कोकणकन्येत रात्रभर बसल्यावर किती लिहून होतं!

जाईची_वेल (फोंडा)
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल कराराचा मसुदा मागवला, गाण्याबद्दल एकच ओळ आहे आणि मांडवीकाठ, तुमचे ते दोन्ही शब्द त्यात आहेत. गुरुवारी वकिलांकडे जातोय. गाण्याचा करार वेगळा करा असं भावाने स्वतःच फोनवर सांगितलं मालिकेवाल्यांना, ते बघतो म्हणालेत. महिन्याचे किमान दिवस पण विचारले. बाबा अजून काही बोलले नाहीत, फक्त रात्री जेवताना विचारलं, चतुर्थीला सुट्टी देतात का रे ते लोक.