सीपॅपवर एएचआय २, तरी रात्री ऑक्सिजन ७७: गेज चुकतंय की जॉब?

टूलरूमवाला (भोसरी)

नमस्कार मंडळी. वय ५६, वजन ९४ किलो, तीस वर्षं टूलरूममध्ये. ऑगस्टमध्ये स्लीप स्टडी झाली, एएचआय आला ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता नाहीतर अर्धवट होत होता. बायको म्हणायची, "तुमच्या घोरण्याची सवय झालीय हो. मधेच घोरायचे थांबता ना, तेव्हा माझी झोप उडते." ऑटो सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) घेतलं, प्रेशर ४ ते १५. आता चार महिने झाले. मशीन रोज सकाळी एएचआय २ च्या आसपास दाखवतं आणि वर हसरा चेहरा. जेवणानंतर ग्राइंडरपाशी उभ्या उभ्या डुलकी यायची, ती बंद झाली.

एवढ्यावर गप्प बसायचं, तर मुलीने रात्रभर रेकॉर्ड करणारा ऑक्सिमीटर आणून दिला. मनगटाला पट्टा, बोटात टोपी. पहिल्याच रात्री सरासरी ९३, सर्वांत कमी ७९, आणि ९० च्या खाली एकूण ३४ मिनिटं. दुसऱ्या रात्री ८१, तिसऱ्या रात्री ७७. बहुतेक सगळं पहाटे चार ते साडेपाच. कोविडात ९४ च्या खाली आकडा गेला की घरात पळापळ व्हायची, आणि इथे ७७! उठल्यावर २०२१ सालच्या साध्या ऑक्सिमीटरवर बघतो, तर ९७.

आमच्याकडे जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मापात बसला नाही तर रिजेक्ट करण्याआधी मायक्रोमीटर स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, तपासतात. इथे स्लिप गेज कुठून आणू? डॉक्टरांची वेळ पंधरा दिवसांनी मिळालीय. शेजाऱ्यांकडे कोविडातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धूळ खात पडलाय, तो नळीला जोडून बघू का?

रात्रपाळी

कॉन्सन्ट्रेटर आहे तिथेच धूळ खाऊ दे. त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. तुमचा गोंधळ आमच्याकडे दर आठवड्याला येतो. सीपॅपला तुमच्या रक्तातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त हवेचा प्रवाह. प्रवाह दहा सेकंद थांबला किंवा एकदम बराच घटला की एक खूण, अशा खुणा भागिले तास म्हणजे एएचआय. श्वास न थांबता हळूहळू उथळ होत जाऊन तसाच राहिला, तर खूण पडेलच असं नाही आणि ऑक्सिजन मात्र खाली जातो. म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

पण आधी गेज. सर्वांत कमी आकडा विसरा, आलेख उघडा. आकडा एका झटक्यात ७७ वर पडून पुढच्या क्षणी ९५ वर आला आणि त्याच वेळी नाडीची रेघही तुटली, तर ती बोटाची करामत. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटातून पाठवतो आणि फक्त ठोक्याबरोबर हलणारं रक्त मोजतो. हात उशीखाली दबला, बोटं गार पडली, तर ठोकाच पुसट होतो. सध्याच्या थंडीत हे फार होतं. करवतीचे दात दिसले, म्हणजे उतार-चढ, उतार-चढ, तर श्वास अजून अडकतोय. आणि रेघ ८७-८८ वर वीस-वीस मिनिटं सपाट पडून राहिली, तर प्रकरण वेगळं.

चांगल्या ऑक्सिमीटरलाही दोन-तीन टक्क्यांची सूट धरावी लागते. ती आपल्याच बाजूने असते असंही नाही. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो.

लीकही बघा. तोंड उघडं राहून हवा निसटत असेल तर प्रेशर पोचत नाही आणि मशीनची मोजणीही बिघडते, हसरा चेहरा असो वा नसो. पहाटेचं म्हणाल तर स्वप्नांची झोप, रेम, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. तेव्हा स्नायू सैल पडतात, श्वासाचा भार जवळजवळ एकट्या छाती-पोटामधल्या पडद्यावर येतो. त्यात उताणे झोपला असाल तर झालंच.

कोथरूडची काकू

कॉन्सन्ट्रेटरबद्दल मी लिहिते, कारण आम्ही तो शहाणपणा करून बसलो होतो. ह्यांची रेघ अशीच ८६ वर सपाट. मेहुण्यांनी ऑक्सिजन जोडून दिला, आकडा झाला ९५, सगळे खूश. सकाळी हे उठवल्याशिवाय उठेनात, डोकं जड, बोलणं तुटक. नंतर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, केली तर कार्बन डायऑक्साइड ५८, जो ४५ च्या आत हवा. रक्तातलं बायकार्बोनेट ३१ (कार्बन डायऑक्साइड साचत राहिला की हे वाढतं). श्वासच उथळ होता, घाण बाहेर पडत नव्हती, आणि आम्ही वरून ऑक्सिजन देऊन आकडा गोंडस केला! शेवटी सीपॅप जाऊन बायपॅप आलं, श्वास घेताना जास्त प्रेशर, सोडताना कमी. आता हे सकाळी स्वतः उठून माझ्या चहाला नावं ठेवतात.

टूलरूमवाले भाऊ, सकाळी डोकं दुखतं का? बायकार्बोनेट २७ च्या वर आहे का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं. डॉक्टरांना विचारा. आणि दिवसा जागेपणी आकडा कमी आला, धाप लागली किंवा गुंगी वाटली तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

पेठेतला

चार महिने बरं वाटत होतं, ते मुलीच्या भेटवस्तूने बिघडवलं. पट्टा परत करा. (हे गमतीने. काकूंचं ऐका.)

टूलरूमवाला (भोसरी)

उशिरा लिहितोय, पण अकरा रात्रींचा डेटा घेऊन आलोय.

टोपी उजव्या हातातून डाव्या हातात घातली, वर कागदी चिकटपट्टी, त्यावर लोकरी हातमोजा. बायको म्हणाली, लग्नात एवढा सजला नव्हतात. मी उजव्या कुशीवर हात उशीखाली घेऊन झोपतो, हे तिने तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं! ७७-७९ वाले सगळे खड्डे त्या एका बदलाने गेले. नाडीची रेघ तिथे खरंच तुटलेली होती. म्हणजे गेज चुकत होतं.

पण जॉबही मापात नव्हता. खड्डे गेल्यावर खाली लपलेलं दिसलं: पहाटे सव्वाचारच्या पुढे ८८-८९ ची सपाट रेघ, कधी पंधरा मिनिटं, कधी पंचवीस. करवतीचे दात थोडेच. लीक ठीक. काकू, डोकं दुखत नाही, बायकार्बोनेट २५.

काल डॉक्टरांकडे आलेख छापून नेला. त्यांनी आधी आलेख बघितला, मग माझी बोटं, मग विचारलं, "सिगारेट?" बावीस वर्षं ओढली, सोडून सहा झाली. स्लीप स्टडीच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. खालचं प्रेशर ४ वरून ७ केलंय. काल रात्री रेघ ९० ला टेकून होती, पण एका रात्रीवर मी बॅच पास करत नाही. फुप्फुसाची पीएफटी, म्हणजे फुंकून करायची क्षमतेची तपासणी, शुक्रवारी आहे, सकाळी साडेनऊला. फर्स्ट शिफ्ट बुडणार.