काळी आई, तांबडा बाप. मग एकही बोका तांबडा का नाही?

काजळवाली:
आमची काजळ नखशिखांत काळी. तिला चार पिल्लं झाली आहेत, दोन भाट्या आणि दोन बोके. भाट्या काळ्या-तांबड्या. बोक्यांपैकी एक आईसारखा काळाकुट्ट, दुसरा करडा पट्टेरी. बाप म्हणजे शेजारचा तांबडा बोका, त्याची छाती आणि पंजे पांढरे आहेत. त्या दिवसांत काजळने दुसऱ्या कुणालाच जवळ फिरकू दिलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते.

मला पडलेला प्रश्न असा, की बाप एवढा तांबडा असून एकही बोका त्याच्यावर का गेला नाही? तांबडा रंग नेमका पोरींनाच का? बहीण म्हणते बाप दुसराच असणार. आणि दोघी पोरी एकाच वेतातल्या, तरी एकीच्या अंगावर काळे-तांबडे केस पार मिसळून गेलेत, तर दुसरीच्या अंगावर पांढऱ्यात मोठमोठी ठळक ठिगळं. तिचं तोंड तर नाकाच्या रेषेवर बरोबर दुभागलंय, अर्धं काळं, अर्धं तांबडं. कुणी नीट समजावून सांगेल का?

शेपूट:
एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बहिणीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. त्या पट्टेरी पिल्लाचा बाप तरी वेगळा वाटतो.

वाघाची_मावशी:
शेपूट, मांजरांत तसं होतं खरं, पण इथे दुसरा बाप शोधायची गरजच नाही. चौघंही त्या तांबड्या बोक्याचीच असू शकतात. काजळवालीताई, तुमच्या घरातला हा वेत इतका बोलका आहे की मी तो दहावीच्या मुलांना गणित म्हणून घालीन.

मांजरांत तांबड्या रंगाचा निर्णय एक्स गुणसूत्रावर होतो. भाटीकडे दोन एक्स असतात, बोक्याकडे एक एक्स आणि एक वाय. आता बोक्याला त्याचा एकुलता एक्स येतो कुठून? आईकडून. बापाकडून त्याला फक्त वाय मिळतो. काजळच्या दोन्ही एक्सवर ‘काळा’ लिहिलंय, म्हणून तिचे मुलगे तांबडे होऊच शकत नाहीत, बाप कितीही तांबडा असो. मुलींना मात्र बापाचा तांबडा एक्स मिळतोच मिळतो, आणि दुसरा आईचा काळा. म्हणून झाडून सगळ्या पोरी दुरंगी. काजळच्या पोटी पूर्ण तांबडा बोका निघाला असता, तर मात्र मी बुचकळ्यात पडले असते.

आता पट्टेरी पिल्लू. अगूटी नावाचं एक वेगळंच जनुक आहे, प्रत्येक मांजराकडे त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. ते चालू असेल तर एकाच केसावर गडद-फिकट वळी उमटतात आणि अंगावरचे पट्टे उठून दिसतात. दोन्ही प्रती बंद असतील तर पट्टे काळ्यात बुडून जातात. काजळ काळीकुट्ट, म्हणजे तिच्या दोन्ही प्रती बंद. तरी एका मुलाला पट्टे आले, म्हणजे चालू प्रत बापाने दिली. दुसरा मुलगा काळा, म्हणजे त्याला बापाने बंद प्रत दिली. थोडक्यात, बापाकडे दोन्ही आहेत. त्याच्याकडे नुसतं बघून हे कधीच कळलं नसतं, कारण तांबड्या मांजराचे पट्टे अगूटी बंद असलं तरी दिसतातच. पोरांनी बापाचं गुपित उघडं पाडलं! (काळ्या बोक्याला कोवळ्या उन्हात तिरपं धरून बघा. पायांवर, शेपटीवर पुसट पट्टे दिसतील. ते कुठे गेलेले नसतात.)

आता पोरींची ठिगळं, माझा सगळ्यात लाडका भाग. भाटीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी एकच काम करतो. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोघांपैकी एक एक्स गुंडाळून ठेवते, कुठला ते निव्वळ योगायोगाने ठरतं. पुढे त्या पेशीचा सगळा वंश तोच निर्णय पाळतो. मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी 1961 मध्ये उंदरांच्या रंगावरून हे मांडलं. त्याआधी 1949 मध्ये मरे बार आणि बर्ट्राम या संशोधकांना चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला होता, फक्त मादीच्या पेशींत. तो ठिपका म्हणजे हा गुंडाळलेला एक्स. आणि त्या चेतापेशी कुणाच्या होत्या? मांजरांच्याच!

म्हणजे दुभागलेलं तोंड कुठल्याही जनुकात लिहिलेलं नसतं. रंग वारशाने मिळाले, नकाशा योगायोगाने. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात रेनबो नावाच्या तिरंगी (काळ्या-तांबड्या-पांढऱ्या) मांजरीची क्लोन 22 डिसेंबर 2001 ला जन्मली, तिचं नाव सीसी. जनुकं तीच, पण सीसीच्या अंगावर तांबडा केस नव्हता. ज्या पेशीपासून ती घडली, तिच्यात तांबडा एक्स आधीच बंद होता.

आणि एकीत सरमिसळ, दुसरीत ठळक ठिगळं, त्याचं कारण पांढरा रंग. रंगपेशी गर्भाच्या पाठीच्या बाजूला तयार होतात आणि तिथून त्वचेत पसरत जातात. किट नावाच्या जनुकातल्या बदलामुळे त्या कमी पडल्या तर पोट, छाती, पंजे पांढरे राहतात. थोड्याच पेशींना मोठी जागा भरावी लागते, म्हणून एकेकीचा वंश मोठं सलग ठिगळ करतो. पेशी भरपूर असतील तर काळे-तांबडे वंश एकमेकांत घुसतात. ठिगळवालीला पांढरा बापाकडून आला.

भुभूचा_बाबा:
मावशी, आमच्याकडे लॅब्राडॉर आहे. आई-बाप दोघंही काळे, पिल्लू मात्र पिवळं, आणि नाक काळंच. तेही एक्सवरूनच का?

वाघाची_मावशी:
नाही दादा, तिथे कारभार वेगळा. कुत्र्यातलं ते जनुक एमसी1आर, साध्या गुणसूत्रावरचं. रंगपेशीला ‘काळं रंगद्रव्य बनव’ हा निरोप ते पोहोचवतं. आई-बापाकडे एकेक बिघडलेली प्रत लपून होती, तुमच्या पिल्लाला दोन्ही तशाच मिळाल्या. अशा दोन प्रती जमल्या की कुत्रा असो की कुत्री, दोघांचाही रंग पिवळा होतो. केसांत काळं बनत नाही, पण नाकाच्या त्वचेत बनतं. तांबूस घोड्यांचा रंगही याच जनुकामुळे, आणि माणसांचे लाल केसही बहुतेकदा याच्यामुळेच.

मांजराची गोष्ट अनेक वर्षं अडून होती. तांबडं जनुक एक्सवर आहे हे शंभर वर्षांपासून ठाऊक, पण नेमकं कुठलं ते 2025 मध्ये उलगडलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या आणि जपानमधल्या क्यूशूच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. एआरएचजीएपी36 या जनुकातून डीएनएची सुमारे 5,000 अक्षरं गळालेली असतात. गंमत म्हणजे त्याने जनुक मोडत नाही, उलट जिथे एरवी गप्प असतं त्या रंगपेशीत ते जागं होतं आणि काळ्याचा निरोप मध्येच अडवतं. तांबडं रंगद्रव्य तेवढं उरतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सीरियन हॅमस्टरमध्येही पिवळा रंग एक्सवरच असतो, म्हणून तिथेही माद्याच दुरंगी.

शेपूट:
पटलं मावशी, बाप एकच. मग तिरंगी बोका कधीच नाही का?

वाघाची_मावशी:
असतो, पण क्वचित. बहुधा त्याच्याकडे एक एक्स जास्त असतो, एक्स-एक्स-वाय. असे बोके सहसा निर्बीज.

सयामीवाला:
आमच्या सयामीचं पोट ऑपरेशनसाठी भादरलं होतं, तिथले केस आता गडद येताहेत. काही बिघडलंय का?

वाघाची_मावशी:
काही बिघडलेलं नाही. सयामीत रंग बनवणारं टायरोसिनेज हे विकर उष्णता सहन करू शकत नाही. अंग गरम तिथे ते बंद पडतं, कान-शेपूट-पंजे गार म्हणून तिथेच रंग. पिल्लं आईच्या उबदार पोटातून येतात, म्हणून जन्मतः फिकट. केस भादरल्यावर तेवढी त्वचा गार पडली आणि नवे केस गडद आले. पुढचे केस गळून नवे आले की बहुतेक पूर्ववत होतील. हिमालयन सशातही असंच घडतं.

काजळवाली:
मावशी, बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती आता काळ्या बोक्याला खिडकीत धरून पट्टे शोधतेय, आणि पायांवर दिसलेही! एकच शेवटचं विचारते. या दुरंगी पोरींना पुढे तांबडे बोके होतील का?

वाघाची_मावशी:
होऊ शकतात. त्यांच्या एका एक्सवर तांबडं आहे, म्हणजे प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी, बाप कुठल्याही रंगाचा असो. पण ताई, मुद्दाम ते बघायला थांबू नका. भाट्या चार-पाच महिन्यांच्या झाल्या की माजावर येऊ शकतात आणि यांचे भाऊ याच घरात आहेत. डॉक्टरांशी बोलून नसबंदीची तारीख आत्ताच ठरवा, काजळचीसुद्धा. पिल्लांना दूध पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.