पन्हाळ्याच्या पायथ्याची हाडे : एक मावळा की किमान तीन माणसे?

अस्थिविचार :
पन्हाळ्याच्या पायथ्याशी घराचा पाया खणताना निघालेल्या हाडांविषयी 'गडवाट' यांनी काल जे लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार ही हाडे १६६० च्या वेढ्यात पडलेल्या एकाच मावळ्याची आहेत, तो सात फूट उंच होता, त्याच्या कवटीवर तलवारीचा घाव आहे आणि हे सर्व 'सिद्ध' झाले आहे. त्यांनी टाकलेली छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. त्यांत डाव्या कानामागच्या हाडाच्या उंचवट्याचे दोन तुकडे आहेत आणि दोन्ही प्रौढांचे दिसतात. असा डावा उंचवटा माणसाला एकच असतो, त्यामुळे तिथे किमान दोन प्रौढ माणसे आहेत. त्याच ढिगात मुळे शाबूत असलेली एक दुधाची दाढ आहे. दुधाचा दात आपोआप पडतो तेव्हा त्याची मुळे आधीच विरून गेलेली असतात. या दाढेची मुळे पूर्ण आहेत, याचा अर्थ ती जबड्यात असतानाच ते मूल दगावले. वय साधारण तीन ते सात वर्षांचे धरावे लागेल. एका योद्ध्याच्या कथेत या लेकराला कुठे बसवायचे?

मांडीच्या हाडाचा तुकडा विटेशेजारी ठेवला आहे आणि तो नऊ इंची विटेहून जेमतेम बोटभर लांब आहे. सात फुटी माणसाचे अख्खे हाड पावणेदोन फुटांहून लांब भरेल, आणि अर्ध्या तुकड्यावरून तशी उंची काढता येत नाही. 'घावा'विषयी सांगायचे तर कवटीचा पृष्ठभाग मातीच्या रंगाचा तपकिरी आहे, पण त्या फटीच्या कडा पांढुरक्या आहेत. जुन्या जखमेची कडही मातीचा रंग धरते. ही कड ताजी आहे आणि बहुधा जेसीबीच्या दातांनी झालेली आहे.

गडवाट :
आम्ही दर पावसाळ्यानंतर गडावरची झुडपे काढतो, टाक्यांतला गाळ उपसतो, तेव्हा आपल्यासारखे अभ्यासक कुणी फिरकत नाहीत, आणि आम्ही काही लिहिले की लगेच चुका काढायला हजर होतात. सिद्दी जौहरची फौज याच परिसरात तळ देऊन होती, हे आपण नाकारणार आहात का? हाडे मी स्वतः हातात घेतली आहेत. आपण ती मोबाईलवर पाहिली आहेत.

जयसिंगपूरकर :
मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. दोघांनीही थोडे थांबावे. गावाकडची मंडळी 'माणसाचे हाड' म्हणून माझ्याकडे म्हशीची हाडे घेऊन आल्याचे मला पक्के आठवते, आणि ती आणणारे लोक मुळीच अडाणी नव्हते. विच्छेदनगृहात भुवईवरचा उंचवटा ठळक असलेली एक कवटी होती. ती दरवर्षी बहुतेक विद्यार्थी पुरुषाची ठरवत, पण त्याच देहाची कटी पाहिली की ती बाई होती हे उघड होत असे. कटीचे हाड हाती नसताना केवळ कवटीच्या तुकड्यावरून 'मावळा' म्हणणे हा उतावीळपणा आहे. पण ताई, छायाचित्रावरून डावी-उजवी बाजू ठरवून 'किमान तीन' असा आकडा छातीठोकपणे देणे हाही उतावीळपणाच आहे. तुकडा उलटा ठेवलेला असेल, तर आपला हिशेब कोसळतो.

अस्थिविचार :
सरांचे म्हणणे मान्य करणे मला जड जाते, कारण उंचवट्याच्या आतल्या बाजूची खाच दोन्ही तुकड्यांवर स्पष्ट दिसते. तरीही प्रत्यक्ष हाताळेपर्यंत 'किमान तीन' हा अंदाज समजावा, एवढे मी म्हणते. दाढेबाबत मात्र मी मागे हटणार नाही.

मंगळवार पेठ :
तुमचे मोजमाप चालू द्या, पण कुणाचे तरी पूर्वज उघड्यावर पडले आहेत, याचे कुणालाच काही वाटत नाही का? आजच्या आज अग्नी द्यावा आणि राख पंचगंगेत सोडावी. माझ्या आजोबांची रक्षा त्याच घाटावर सोडली. त्या माणसांना तेवढाही मान का मिळू नये?

करवीरचा शेतकरी :
मानाचा विषय निघालाच आहे, तर माझे ऐका. आमच्या विहिरीच्या खोदाईत मडक्यांबरोबर हाडे निघाली. एका कार्यालयाचे लोक आले, पोत्यात भरून घेऊन गेले, कागद दिला नाही. पुढे चौकशीला गेलो, तर पोत्यावरची चिठ्ठी उंदरांनी खाल्ली आणि ते कुठल्या गावचे हे कुणालाच सांगता येईना. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवरची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. मूर्तीला काचेचे कपाट आणि हाडांना पोते, हा न्याय कुठला? अशा लोकांच्या हवाली करण्यापेक्षा अग्नी दिलेला बरा.

अस्थिविचार :
दादा, आपल्या पोत्याची गोष्ट वाचून मलाही संताप आला, कारण जागेची नोंद हरवलेल्या हाडाचा निम्मा अर्थ तिथेच संपतो. पण अग्नी कुणाच्या रीतीने देणार? ही माणसे पुरलेली होती. आपल्याच कोल्हापुरात लिंगायत समाज दफन करतो, मुसलमान करतात, गोसावी समाधी देतात आणि लहान मुलांना पुरण्याची रीत तर कितीतरी घरांत आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली मुले घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेली सापडली, आणि बऱ्याच प्रौढांना पाय घोट्यापासून तोडून पुरलेले होते. आई-बापांनी ज्याला जाणूनबुजून मातीत ठेवले, त्याला आपण जाळावे, हा त्याचा मान नव्हे. शिवाय ही हाडे जौहरच्या फौजेतल्या माणसांची निघाली, तर?

मंगळवार पेठ :
म्हणजे ती कायमची खोक्यात ठेवायची आणि त्याला आदर म्हणायचे! आपल्या घरातल्या माणसाच्या बाबतीत आपण हे चालवून घ्याल का? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. पुरलेल्यांना जाळू नये, हा मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. तसे असेल तर पुन्हा पुरा, पण खोक्यात नको.

गडवाट :
इतका वाद कशाला? डीएनए आणि कार्बन चाचणी करा, सगळे कळेल.

जयसिंगपूरकर :
सगळे कळत नाही. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील २०१९ मधील शोधनिबंधासाठी ६१ नमुने तपासले होते, त्यांतल्या एकाच व्यक्तीचा उपयोगी डीएनए हाती लागला. आपल्याकडचा उकाडा आणि पाऊस हाडातले असे द्रव्य टिकू देत नाहीत. कानाच्या आतल्या टणक हाडात शक्यता सर्वाधिक असते, त्यामुळे कानामागचे ते दोन तुकडे सांभाळले पाहिजेत. कार्बनवरून हाडाचा काळ काढण्याची पद्धत सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या हाडांसाठी वर्षांचा इतका रुंद पट्टा देते, की १६६० हे साल तिच्यावरून सांगता येणार नाही.

करवीरचा शेतकरी :
सर, तपासणीला माझा विरोध नाही. हाडे नेताना गावासमोर पंचनामा व्हावा, प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र घ्यावे, पावती ग्रामपंचायतीत राहावी आणि काम झाल्यावर गावाने ठरवलेल्या रीतीने ती परत मिळावीत. हे लेखी देणार असाल, तर मी माझे अग्नीचे म्हणणे सोडतो.

अस्थिविचार :
परत देण्याची अट मला आवडत नाही, कारण उद्या नवी पद्धत आली तर पुन्हा तपासायला काही उरणार नाही. पण पावतीशिवाय एकही तुकडा हलू नये, यात मी पूर्णपणे आपल्याबरोबर आहे.

गडवाट :
'सिद्ध' हा शब्द मी पोस्टमधून काढतो. मावळा हा शब्द ठेवणार, तो खोटा ठरला तर तेव्हा पाहू. घरमालकाशी बोललो आहे, काम दोन दिवस थांबेल. हाडे बादलीत धुवायला काढली होती.

अस्थिविचार :
कृपया धुऊ नका! कवटीच्या पोकळीतली माती तशीच राहू द्या, कारण मुलाचे बारीक दात आणि कानातली इवलीशी हाडे बहुतेक वेळा त्याच मातीत सापडतात. ओले तुकडे उन्हात न ठेवता सावलीत कागदावर पसरा, कानाजवळचे दोन तुकडे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घाला आणि प्रत्येक पिशवीवर खड्ड्याची बाजू व खोली पेन्सिलीने लिहा. माणसाची हाडे असल्यामुळे पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना आजच लेखी कळवा. उरलेली जमीन यंत्राने खणू देऊ नका, कारण त्या मुलाचा जबडा अजून तिथेच असण्याची शक्यता आहे.