व्यसन, बदनामी आणि गल्लीतली कला: तुमचे अनुभव लिहा

२६ जून आला की व्यसनविरोधी पोस्टर स्पर्धा सुरू होतात आणि बहुतेक चित्रांत तीच कवटी, तीच सिरिंज. ते बघून कोणी व्यसन सोडलं असेल असं मला वाटत नाही, उलट ज्यांच्या घरात असा माणूस आहे ते अजूनच तोंड लपवतात. पण चित्र, नाटक, भजन, गणपतीची आरास यातून खरंच काही बदललेलं कोणी पाहिलंय का? स्वतःचं, घरातलं, वस्तीतलं, जे असेल ते लिहा. फक्त कोणाची ओळख पटेल असं काही नको.

*

माझा भाऊ गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर होता. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, पु.लं.च्या देणगीतून १९८६ ला सुरू झालं ते पुण्यातलं. केंद्राचे संस्थापक अनिल अवचट तेव्हा होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे, स्वतः ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, लाकूड कोरायचे. भाऊ तिथून कागदाच्या घड्या शिकून आला. सुरुवातीला बोटं इतकी थरथरायची की टोकाला टोक जुळायचं नाही, मग नखाने घडी दाबत बसायचा तासन् तास, आम्ही टीव्हीचा आवाज पण कमी करायचो. पुढच्या गणपतीत सोसायटीची आरास त्याने केली, सगळी कागदी पक्ष्यांची, आणि ज्या काकू तो जिन्यात दिसला की सेफ्टी डोअर लावून घ्यायच्या त्यांनीच नातवाला खाली पाठवलं, दादाकडून शिकून ये म्हणून. आई त्या वर्षी आरतीला खाली उतरली, त्याआधी कितीतरी वर्षं जात नव्हती.

*

आमच्याकडे उलटं झालं. एका मंडळाने जिवंत देखावा केला, मळक्या कपड्यातला नशेडी, मागे यमराज, स्पीकरवर राक्षसी हसणं. माझा मुलगा तेव्हा एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सोडून जेमतेम सावरत होता. रांगेतली पोरं देखाव्याकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. तो काही न बोलता घरी आला आणि फॉलोअपला यायलाच तयार होईना. स्क्रिप्ट लिहायच्या आधी त्या लोकांनी आमच्यासारख्या एखाद्या घरी येऊन बसायला हवं होतं.

*

मी स्वतः बरा होतोय. संध्याकाळ खायला उठते हो, गँग जमायची तीच वेळ, पाय आपोआप त्या टपरीकडे वळतात. वस्तीतल्या भजनी मंडळाने मला पखवाजावर बसवलं, मागचं कोणी काही विचारलं नाही, ठेका चुकला की बुवा ओरडतात, सगळ्यांना ओरडतात तसंच. ते ओरडणं मला लय आवडतं. एनएची (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग आणि गोळ्या चालूच आहेत, ते सोडून नुसतं भजन धरलं असतं तर कधीच घसरलो असतो.

*

पखवाजवाल्या दादांना शंभर टक्के अनुमोदन. मी समुपदेशक आहे, टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, चालू असताना हातात ब्रश देऊन काही होत नाही, आधी डॉक्टर. आणि बायकांबद्दल कोणीच लिहिलं नाही, त्यांचं व्यसन घरचे जास्त दडवतात म्हणून त्या उपचाराला पण उशिरा येतात. आमच्या गटातल्या बायकांनी जुन्या साड्यांची मिळून गोधडी शिवली, प्रदर्शनात मांडली, पण नावं लावायची नाहीत हे त्यांनी आधीच ठरवलेलं, फोटो पण फक्त गोधडीचे काढले. हे पाळायलाच हवं. पथनाट्य करणार असाल तर शेवटी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईनचा नंबर दोनदा मोठ्याने सांगा, फोन फुकट लागतो. नाटक बघून कोणाला त्याच रात्री बोलावंसं वाटलं तर नंबर लक्षात राहिलेला हवा.