रिअॅक्शन ट्रेनिंगला नवख्यांना चिलखत द्यायचं की नाही?

डिचोलीकर:
पावसात संध्याकाळची वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत मी १९९४ चा मूळ एक्स-कॉम खेळतो, परग्रहवासीयांशी आळीपाळीने लढायचा गेम, ओपन-एक्सकॉम या नव्या इंजिनवर. शिपायांना घरच्यांची नावं देतो. परवा आबा गेले. आजोबांचं नाव होतं, खाणीवर ट्रक चालवायचे ते.

रिअॅक्शन, म्हणजे शत्रूच्या चालीत आपणहून गोळी झाडायचं कसब, वाढावं म्हणून आबांना शेतघराच्या कोपऱ्यावर गुडघा टेकून बसवलं होतं. हातात साधं पिस्तूल, टीयू, म्हणजे दर चालीला मिळणारे वेळेचे गुण, एकही खर्च न करता टर्न संपवला. एक सेक्टॉइड, म्हणजे परग्रही शत्रू, कुंपणाआडून पुढे आला. आबांची पहिली गोळी चुकली, दुसरी लागली, आणि मग त्याच्या प्लाझ्मा पिस्तुलाची एकच गोळी. हेल्थ ३१ होती, अंगात नुसता जंपसूट.

चूक माझी. चिलखताला लागणारे वीस अॅलॉय, म्हणजे परग्रही धातू, पगार भागवायला विकून टाकले होते. मला खरंच वाईट वाटलं म्हणून विचारतो: नवख्यांना ट्रेनिंगला चिलखत द्यावं, की ते जुन्यांसाठीच राखावं?

साखळीचा गडी:
द्यावंच. आकडे बघ. प्लाझ्मा पिस्तुलाची ताकद ५२, आणि या गेममध्ये मार शून्यापासून दुपटीपर्यंत कितीही पडतो, म्हणजे ० ते १०४. जंपसूट पुढून १२ अडवतो. ३१ हेल्थचा माणूस ४३ ला मेला, म्हणजे लागलेल्या शंभर गोळ्यांत साधारण साठ जीवघेण्या. पर्सनल आर्मर, म्हणजे गेममधलं पहिलं चिलखत, पुढून ५० अडवतं. मग मरायला ८१ लागतात, साठाचे बावीस होतात. शिवाय जवळजवळ निम्म्या गोळ्यांनी ओरखडाही येत नाही.

खर्च म्हणशील तर एका चिलखताला २२,००० डॉलर, चार अॅलॉय आणि ८०० इंजिनिअर-तास. सुरुवातीचे दहा इंजिनिअर सव्वातीन दिवसांत ते उभं करतात. तू विकलेल्या वीस अॅलॉयचे ६,५०० प्रमाणे १,३०,००० आले असतील. त्यात पाच जणांची चिलखतं गेली. नवा शिपाई घ्यायलाच ४०,००० पडतात, आणि तो पुन्हा कोरा. अनुभव जिवंत परत येणाऱ्यालाच मिळतो रे, मेलेल्याचं ट्रेनिंग कसलं?

पिस्तूल दिलंस ते मात्र बरोबर. स्नॅप शॉटला, म्हणजे घाईच्या गोळीला, १८ टक्केच टीयू जातात, त्यामुळे एका टर्नमध्ये जास्त संधी मिळतात, आणि समोरचा लगेच मरतही नाही.

फोंड्याहून:
गडीबाब, हिशेब पटला, पण एक राहिलं. शिपाई मेला की चिलखतही जातं, मिशन जिंकलं तरी परत मिळत नाही. म्हणून माझी पहिली दोन चिलखतं शत्रूच्या यानाचं दार उघडणाऱ्यांना. ट्रेनिंग त्यानंतर.

आणि पाठ सांभाळायची. पर्सनल आर्मर बाजूने ४०, मागून फक्त ३० अडवतं. त्याच ३१ हेल्थवाल्याला मागून गोळी बसली तर बाविसाचे बेचाळीस होतात. मी भिंतीला पाठ लावल्याशिवाय नवख्याला बसवत नाही. पायाशी पडलेल्या ग्रेनेडला खालचा भाग लागतो, तोही ३०च.

साखळीचा गडी:
दाराचं मान्य. पण मग दोनच चिलखतं असेपर्यंत ट्रेनिंगच नको, हेही मान्य कर. समोरच्याच्या हातात काय आहे तेही आधी बघायचं. प्लाझ्मा रायफल ८० ची, तिच्यापुढे हेच चिलखत घालूनही निम्म्या वेळी माणूस जातो. हेवी प्लाझ्मा ११५ ची. ती दिसली की ट्रेनिंग तिथल्या तिथे बंद, जुन्यांनी पुढे होऊन त्याला संपवायचं.

फोंड्याहून:
हे मात्र शंभर टक्के.

डिचोलीकर:
दोघांचे आभार. रायफल आणि पिस्तूल यातला फरक मी बघतच नव्हतो, सेक्टॉइड दिसला की नवख्याला पुढे सरकवायचो. आबांसारखे अजून तिघे असेच गेलेत, आज यादी काढून पाहिली.

काल रात्री एक यान पाडलं. अॅलॉय एकही विकला नाही, सगळे वर्कशॉपला लावले. सहा चिलखतांची ऑर्डर आहे. पहिली दोन दारावरच्यांना. तिसरं माईला, नवी आलीय, हेल्थ २७ च आहे. तिचं तयार होईपर्यंत ती स्कायरेंजरमधून, म्हणजे आमच्या विमानातून, उतरणार नाही.