स्लेजवरच्या कॅराव्हॅनमध्ये आतून हिम धरतंय, भिंत जाड करावी का?

ध्रुवपथ: संशोधन तुकडीची स्लेजवरची कॅराव्हॅन आहे. ६ × २.४ × २.४ मीटर, १०० मिमी पीयूएफ (पॉलीयुरेथेन फोम) पॅनेल, चार जण. बाहेर उणे ४० असताना आत २० अंश राखतो, तरी सांध्यांवर आणि बोल्टच्या डोक्यांवर हिम साचतं. भिंती १५० मिमी कराव्यात का?

उष्मागणित: आधी हिशेब मांडा. सहाही बाजूंचा पृष्ठभाग साधारण ६९ चौ. मी. त्यातून ६० अंशांच्या फरकाला एक किलोवॉटच्या आसपास उष्णता जाते. १५० मिमी केलंत तर जेमतेम साडेतीनशे वॉट वाचतील. उलट माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा द्यायची तर ती तापवायलाच २.३ किलोवॉट लागतात. खरा खर्च हवेचा आहे. आणि तिथे हात आखडला की हिम वाढणारच, कारण झोपलेला माणूसही तासाला ४०-५० ग्रॅम वाफ सोडतो. चौघांची दहा तासांत जवळपास दोन लिटर.

पत्राजोड: बोल्टच्या डोक्यावर हिम, म्हणजे तो बाहेरच्या पत्र्यापर्यंत आरपार गेलाय. पोलाद पीयूएफच्या सुमारे दोन हजारपट उष्णता वाहून नेतं. आतली आणि बाहेरची चौकट वेगळी करा, मध्ये फायबरग्लासचा ठोकळा घाला. सांध्यांना ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आतूनच लावा. वाफ सांध्यात शिरली की तिथे गोठते, फुगते आणि फट रुंदावते. पत्रा आधी कोरडा आणि कोमट करून घ्या, गारठलेल्या पत्र्यावर टेप धरत नाही.

ध्रुवपथ: वादळात रात्रीपुरता झरोका बंद केला तर?

वारावळण: अजिबात नको. हवा कोंडली की हीटरच्या ज्वलनातला विषारी कार्बन मोनॉक्साइड (सीओ) वायू आत साचू शकतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकात ॲडव्हान्स बेस या हवामान तळावर एकटे राहणारे अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड त्यामुळेच मरणाच्या दारात पोचले होते. हीटर असा घ्या की ज्वलनाची हवा बाहेरून घेईल आणि धूर बाहेरच सोडेल. धुराडं छपराच्या बरंच वर काढा, वादळात दर काही तासांनी ते झाडा. सीओ अलार्म उशीच्या उंचीवर हवा.

गाडी वाऱ्याला समांतर लावा, दार लांबीच्या भिंतीत. आडोशाच्या बाजूलाच हिमाचा ढीग साचतो, तिथे दार नकोच. दार आत उघडणारं हवं, छपराला सुटकेची झडपही. मुक्कामाला स्कीखाली फळ्या सरकवा. ओढून गरम झालेली स्की तशीच ठेवली तर गोठून चिकटते, आणि सकाळी सरळ जोर लावला की जोडदांडा तुटतो. आधी आडवा हिसका देऊन एकेक स्की सोडवा.