‘किपल’ला मराठीत काय म्हणाल? अडगळ, भंगार की आणखी काही?

फिलिप के. डिकच्या १९६८ च्या त्या अँड्रॉइड आणि विजेच्या मेंढीवाल्या कादंबरीतला एक तुकडा मराठीत करायला घेतलाय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकून बसलेय. किपल. म्हणजे काड्या संपलेली काडेपेटी, टपालात येणारी फुकटची जाहिरातपत्रकं असलं सगळं, आणि घरात कोणी नसलं की ते आपोआप वाढतं, रात्री तसंच ठेवून झोपलात तर सकाळी दुप्पट. ‘कचरा’ सपाट वाटतो, तो सकाळी गाडीत दिला की विषय संपला. ‘भंगार’ म्हटलं की आपल्याकडचे रस्त्याकडेचे भंगारअड्डे आठवतात, तिथे काटा असतो, किलोवर पैसे मिळतात, किपलला कोण काटा लावणार? सध्या ‘अडगळ’ लिहिलंय, पण नेमाड्यांनी २०१० मध्ये ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीच्या नावातच तिला समृद्ध करून टाकलंय ना!

—

अडगळ नको ताई. अडगळीला मालक असतो, कधीतरी लागेल म्हणून कोणीतरी ती माळ्यावर चढवलेली असते. त्या कादंबरीत तर माणसं पृथ्वी सोडून मंगळावर गेलीत, इमारती रिकाम्या, अडगळ म्हणायची कुणाची? मी ‘केर’ लिहिला असता. केर कोणी करत नाही, तो होतो, आणि काल काढला तरी आज परत आहेच. कोंकणीतला कोयर पण तोच.

—

केर! हे सुचलंच नव्हतं, बारीक वाटतो पण लिहून बघते.

आता दुसरी अडचण. त्याच गोष्टीत खरी मेंढी परवडत नाही म्हणून माणूस गच्चीवर विजेची पाळतो, म्हणजे वस्तूंचे भाव पार उलटेपालटे. आपल्याकडे ‘मोड’ आहे, आजीच्या पाटल्या मोडीत दिल्या तेव्हा घडणावळ बुडाली, वजन तेवढं धरलं. पण आमच्या फोंड्याच्या घरी फेणीचा एक गराफांव, म्हणजे मोठा फुगीर बाटला होता, हिरव्या काचेचा, वेताची वीण सुटलेला, भंगारवाल्याने काच म्हणून हातसुद्धा लावला नाही, शेवटी कोणाला तरी असाच दिला. मागे पणजीत एका दुकानात तसलाच बघितला, आत बल्ब घालून दिवा केलेला आणि किंमत बघून मी पाऊल मागे घेतलं. इथे वजनाला शून्य भाव, सगळे पैसे घाटाचे. मोडीच्या बरोब्बर उलट. याला ‘अँटिक’ सोडून आपला शब्द आहे का कोणाकडे?